शिंपल्यांची खिडकी

“बायलमाणसां मागच्या बाकार आणि बापये पुढे,” गुणाजी शेटने सांगून टाकले. “नायतर मगे लोकांची बोलणी माका खावची लागतली.”

माझी बायको सुभद्रा त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. ती काही उठली नाही. म्हणाली, “शेट, तुमी आमका जोडीन देवीक नेतास मां? मगे वाटेतच जोड कशी मोडतास?”

दुकानात मीठ, तेल घ्यायला आलेली माणसे हसली. गुणाजी शेटही हसला आणि म्हणाला, बरे बाई, तू आणि बाबली एका बाकावर बसा. तर हिने लगेच खिडकीकडची जागा मागितली. शेट माझ्याकडे बघायला लागला. मी वर आढ्याकडे बघितले.

ही गोष्ट त्रेपन्न सालची. आता खाडीपलीकडे जायला कोणी अडवत नाही, मुलूख एकच झाला आहे. तेव्हा तो पलीकडचा काठ परदेश होता. पोर्तुगिजांचे राज्य, नाणी वेगळी, शिपाई वेगळे, आणि धक्क्यावर उतरले की नाक्यावर बोचकी सोडून दाखवायची. गुणाजी शेटने त्या वैशाखात सहल काढायचे ठरवले होते. आरोंद्याहून तरीने, म्हणजे उतारूंच्या होडीने, खाडी ओलांडून किरणपाण्याला उतरायचे. तिथे एक बस ठरवलेली असणार. मग म्हापसा, पणजी, मडगाव, वास्को आणि वाटेत मंगेशी, शांतादुर्गा. आमच्या भागात अशी सहल त्याआधी कोणी काढली नव्हती.

मी त्या खाडीवरचा तारी. माझे वडीलही तारीच होते. माणसे पलीकडे सोडायची, पलीकडची अलीकडे आणायची. परदेशाच्या धक्क्याला माझे पाय रोज लागत, पण धक्क्यावरचे माड ओलांडून मी कधी वर गेलो नव्हतो. आपली तर टाकून तारी जाणार कुठे?

आमच्यात लग्न झाले की जोडीने कुलदेवीला जायची रीत आहे. आमची देवी शांतादुर्गा, ती पलीकडे. किती नव्या जोड्या मी माझ्या हातांनी पलीकडे नेल्या. नवरी होडीत बसताना घाबरायची, नवरा हात द्यायला लाजायचा, मग मीच म्हणायचो, धर रे तिचा हात, पडली तर देवी माका विचारतली. आमची स्वतःची जोडी मात्र गेली नव्हती. लग्न झाले तेव्हा वडील अंथरुणाला होते, ते वारले आणि तर माझ्या हातात आली. मग राहूनच गेले. आम्हाला मूल झाले नाही, तेव्हा लोक म्हणत, देवीची ओटी राहिली म्हणून. सुभद्रा त्यांना म्हणायची, “देवी काय सावकार आसा?” पण जायचे तिच्या मनात होते. देवीसाठी होते आणि त्याहून जास्त बघण्यासाठी होते.

धक्क्यावर तिचे चहाचे खोपटे होते. पलीकडे जाणाऱ्यांना चहा मिळायचा, पण परत येणाऱ्यांना ती हातात कप देताना विचारायची, “मगे, काय बघलात?” काहीतरी सांगितल्याशिवाय तिथून सुटका नसे. कोणी नुसता कोर्टाच्या कामाला गेलेला असायचा, तो म्हणायचा, काय बघणार, कचेरी बघितली. ती म्हणायची, मग कचेरी कशी होती ते सांगा. अशा गजाली ऐकून ऐकून तिला अख्खा गोवा पाठ झाला होता. म्हापशाच्या बाजारात डुकराच्या मांसाच्या माळा टांगतात. पाववाला घुंगरांची काठी आपटत येतो. पणजीच्या देवळाला, म्हणजे त्यांच्या देवळाला, इकडून तिकडून वर चढणाऱ्या पायऱ्या आहेत. हे सगळे ती मला रात्री जेवताना सांगायची, स्वतः जाऊन आल्यासारखे.

एकदा एक आंब्याचा व्यापारी सांगून गेला की तिकडच्या मोठ्या घरांच्या खिडक्यांना काच नसते, शिंपले बसवलेले असतात आणि त्यातून उजेड येतो. मी म्हटले, ही शुद्ध थाप. शिंपले आम्हाला ठाऊक आहेत. शिंपले भाजून चुना करतात. शिंपल्यातून कधी उजेड येतो?

सुभद्रा म्हणाली, “येयत असतलो. तुमी काय गेल्यात बघूक?”

“तू तरी खंय गेलंस?”

“मगे पैज लावा. थाप निघाली तर एक दिवस तुमची तर मी वल्हयतंय. खरा निघाला तर चाय तुमी करायची.”

मी पैज घेतली. तिला वल्हे मारताना बघायला मजा येईल असे मला वाटले होते.

सहलीला महिनाभर अवकाश होता आणि हिचे बोचके बांधून तयार होते. त्यात देवीच्या ओटीचा खण, नारळ आणि तांदूळ वेगळ्या फडक्यात. एकच भीती तिला होती, गाडी लागण्याची. मोटारीत ती कधी बसली नव्हती. तिची मावशी एकदा वेंगुर्ल्याला बसने गेली होती ती वाटभर ओकत गेली होती, आणि ती गोष्ट घराण्यात अजून सांगितली जाई. परमुलखात, परक्या माणसांसमोर तसे झाले तर? म्हणून दुपारी वारा उठून खाडी हलायला लागली की ती खोपटे शेजारणीवर सोपवून माझ्या होडीत येऊन बसायची. नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला बसायची, हातात लिंबू धरून, डोळे मिटून. उतारू विचारत, बाईला काय झाले? मी सांगायचो, काही नाही, बस चालू आहे.

पलीकडून म्हापशाला बस घेऊन जाणारा कायतान ड्रायव्हर कधी कधी तिच्या हातचा चहा प्यायला अलीकडे यायचा. त्याचीच बस गुणाजी शेटने ठरवली होती. त्याने तिला सांगितले की डोळे मिटून बसू नको, मिटलेस तरच लागते. खिडकीतून लांब बघत राहा. तेव्हापासून तिने खिडकी धरली. म्हणूनच ते दुकानातले भांडण.

चैत्रात एका सकाळी तिने सहलीचे नवे लुगडे धुतले. नवे कापड बसमध्ये टोचेल म्हणून. ते वाळत घालायला ती परसातल्या गडग्याशी गेली. चिऱ्यांचा रचलेला गडगा, आमच्याकडे प्रत्येक घराला असतो. उन्हात ते चिरे तापतात आणि फटींत जनावर बसते. तिने लुगड्याचा पदर चिऱ्याखाली दाबायला हात घातला.

मी तेव्हा खाडीच्या मधे होतो. आमच्या काठावर माणसे जमलेली दिसली. मला वाटले, कोणाचे तरी माशांवरून भांडण जुंपले आहे. होडीतल्या उतारूंना मी तसे म्हटलेसुद्धा. काठाला लागलो तर ती खोपट्याच्या बाकावर बसली होती आणि तिचा डावा हात कोणीतरी सुंभाने बांधला होता.

“काय होवक नाय,” ती म्हणाली. “फुरसा आसा.”

जसे काही मुंगी चावली होती.

गणपत विष उतरवणारा आला. त्याने पाला वाटून लावला, सुंभ सोडून आपला दोरा बांधला आणि बराच वेळ तोंडातल्या तोंडात मंत्र म्हणत बसला. त्याच्या हातून कितीतरी माणसे वाचलेली होती, निदान आम्ही तसे मानत होतो. जाताना तो माझ्याकडे वळून म्हणाला, “विष बांधलंय. पण आता हिका पाणी ओलांडूक देव नको. पाण्यावर गेली काय बांधलेला सुटता.”

ही रीत मला ठाऊक होती. साप चावलेले माणूस आम्ही तारी कधी होडीत घेत नाही. वडिलांनी घेतले नाही, मीही घेतले नव्हते.

हात कोपरापर्यंत सुजला आणि मग सूज थांबली. सगळ्यांना हायसे वाटले. संध्याकाळी ती पडल्या पडल्या शेजारणीला चहात किती आले घालायचे ते सांगत होती. शेजारीण म्हणाली, मेलीस तरी आले तूच घालशील. दोघी हसल्या. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशेरी लावताना तिच्या तोंडातून रक्त आले. तिला वाटले, हिरडीला नख लागले. चूळ भरली तरी येतच राहिले. दुखत नव्हते. ती फडके तोंडाशी धरून बसली आणि मला म्हणाली, जा, उतारू उभे आहेत. मी एक खेप मारली. परत आलो तर फडके बदललेले होते.

त्याच खेपेला कायतान चहा प्यायला आला होता. त्याने तिचे तोंड बघितले, हात बघितला, आणि चहाचा कप खाली ठेवला. पणजीच्या मोठ्या इस्पितळात याच्यावर सुई देतात, तो म्हणाला. आता निघाले तर संध्याकाळी पोचू. माझी बस उभी आहे. आमच्या बाजूला वेंगुर्ल्याचा दवाखाना होता, पण शिरोड्यापर्यंत बैलगाडी आणि तिथून पुढची बस दुसऱ्या दिवशी.

गणपतही तिथेच होता. तो ओरडला नाही. हळूच म्हणाला, “बाबली, पाण्यावर नेव नको.”

 मी वल्हे हातात घेऊन उभा होतो. मला आठवते की वल्ह्यातून पाणी ठिबकत होते आणि मी त्याच्याकडे बघत होतो. पुढे काय करायचे ते मला खरोखर कळत नव्हते.

सुभद्रा घरात गेली. बाहेर आली तेव्हा ती गडग्यावरचे ते नवे लुगडे नेसली होती आणि उजव्या हातात बोचके होते.

“इतक्या माणसांका ह्या पाण्यान पलीकडे नेल्यान,” ती गणपतला म्हणाली, “माकाच काय करतला?” आणि मला म्हणाली, “चला. जातावच आसाव तर बोचक्या हयसर कित्याक ठेवचा?”

ती आपल्या पायांनी होडीत चढली. होडी परत न्यायला माझा धाकटा भाऊ शिवा बरोबर आला, पण वल्हे मी त्याला दिले नाही. खाडी रोजची होती. त्या दिवशी ती मला संपेनाशी झाली.

नाक्यावर शिपायाने बोचके सोडायला लावले. नारळ, खण, तांदूळ. तिची कुंकवाची पिंजर, फणी. एक लिंबू. त्याने पुन्हा बांधायची खूण केली.

कायतानने बसच्या पुढच्या बाकावर बसलेल्या दोघांना उठवले. मग सुभद्राला म्हणाला, “बस गो बाय. ही तुजी सीट. हांवें राखून दवरल्या.”

ती खिडकीशी बसली. मी तिच्या शेजारी. लग्नानंतर चारचौघांत आम्ही असे एकमेकांना लागून पहिल्यांदाच बसलो होतो. बस सुटली तेव्हा तिने माझे मनगट घट्ट धरले आणि मला वाटले, आता ओकेल. तिने लांब बघायला सुरुवात केली.

पेडण्यात ती बोलली नाही. त्यानंतर मात्र बोलायला लागली. फडक्याआडून बोलत होती, त्यामुळे मला तोंड जवळ न्यावे लागत होते. ते झाड बघा. ते घर बघा, किती रंग. ती बाई बघा, झग्यात. रस्त्याच्या कडेला पाववाला काठी आपटत चालला होता, त्याची घुंगरे आम्हाला बसमध्ये ऐकू आली. ती म्हणाली, ही गजाल खरी. म्हापशात बाजार भरला होता. तिने कायतानला काही म्हटले नव्हते, पण त्याने बस बैलगाडीच्या चालीने नेली. मागे कोंबड्या घेऊन बसलेल्या बायका होत्या, घाईतले बापये होते. कोणी एक शब्द बोलले नाही. मांसाच्या तांबड्या माळा टांगलेल्या होत्या. तीही गजाल खरी.

बाजार संपल्यावर एक मोठे घर लागले. वरच्या मजल्याच्या खिडक्यांना चौकटीच चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीत काहीतरी पांढरट, दुधासारखे. बस पुढे गेली. तिने मान वळवून बघितले, मग माझ्याकडे बघितले.

“बघलात?”

“बघलंय.”

“शिंपले.”

“होय.”

“चाय तुमी करतल्यात,” ती म्हणाली आणि फडके पुन्हा तोंडावर धरले. फडक्याचा कोरडा कोपरा शोधावा लागत होता. मी ते बघत होतो आणि ती हसत होती. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा झाल्या ते मला अजून सांगता येत नाही.

बेतीला बस थांबली. पुढे नदी, आणि नदीपलीकडे पणजी. तिथली तर यंत्राची होती. लोकांबरोबर आम्हीही चढलो. कायतान आपली बस तिथेच टाकून आमच्याबरोबर आला. चालवणारा माणूस एका ठिकाणी उभा होता आणि नदी आपोआप मागे जात होती. मी त्याचे हात बघत होतो, कुठे जोर लावतो ते. सुभद्राने मला कोपराने ढोसले.

“बघा, ह्या तारियाक घाम येणा नाय.”

मी म्हटले, “पगार तरी मिळता काय तां इचार.”

पणजी तिने नदीतूनच बघितली. धक्क्यावर उतरलो तेव्हा तिचे पाय लटपटायला लागले आणि आम्ही तिला धरून गाडीत घातले. पायऱ्यांचे देऊळ कुठल्या बाजूला ते तिने विचारले. कायतानने हात केला, पण मधे घरे होती.

इस्पितळात त्यांनी तिला लगेच घेतले. पांढऱ्या कपड्यातल्या बाया धावल्या, डॉक्टर आला, सुई दिली. डॉक्टर गोव्याचाच होता. त्याने मला बाजूला घेऊन समजावले की रक्त गोठायचे थांबले आहे, औषध दिले आहे, आता वाट बघायची. त्याने काही लपवले नाही, की काही वचनही दिले नाही. मी त्याला विचारले, पाण्यावरून आणली म्हणून काही झाले का? त्याला माझे बोलणे समजले नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिची खाट खिडकीशी होती. रात्री मला ती खिडकी नुसती काळी दिसली. मी जमिनीवर बसून होतो आणि बसल्या बसल्या डोळा लागला. सकाळी तिनेच मला हाक मारली.

उन्हे वर आली होती. त्या खिडकीलाही शिंपलेच होते. एकेका चौकटीत एकेक, पातळ, घासलेले, आणि सगळ्यांतून उजेड आत येत होता. ऊन नव्हे, उजेड. तो तिच्या तोंडावर आणि पांघरुणावर पडला होता. ती बराच वेळ बघत राहिली.

“उजेड येता,” ती म्हणाली. “पण भायरचा काय दिसणा नाय.”

मी म्हटले, बरी झालीस की उघडून बघू.

मग ती म्हणाली, “एक बघलात? माका गाडी लागाक नाय.”

“नाय लागली.”

“मावशेक सांगूक होया.”

तिला चहा पाहिजे होता. तिथल्या पांढऱ्या कपड्यातल्या बाईने हाताने खूण केली, थोडा चालेल. मी खाली गेलो. बाहेर एक दुकान होते, तिथून कप घेतला आणि सांडू नये म्हणून जिना हळूहळू चढलो. वर आलो तर त्या बाईने तिच्या तोंडावर पांघरूण ओढले होते.

मी कप हातात धरून उभा राहिलो. माझ्या मनात आले, चहा निवेल. दुसरे काहीच आले नाही. त्या बाईने कप माझ्या हातातून घेतला तेव्हा मी तो सोडत नव्हतो, तिला माझी बोटे उघडावी लागली.

त्या उन्हात तिला घरी नेणे होणारे नव्हते. कायतान गेला नव्हता. त्याच्या ओळखीचा एक हिंदू दुकानदार आला, त्याने चार माणसे जमवली, लाकडे आणली. पणजीच्या मसणात ज्या माणसांनी तिला खांदा दिला त्यांची नावेसुद्धा मला माहीत नाहीत. कायतान लांब उभा होता, टोपी हातात घेऊन. हे सगळे होत असताना मला सारखे वाटत होते की घरी गेल्यावर हे तिला सांगायला पाहिजे.

परत येताना बसमध्ये पुढचा बाक मोकळा ठेवलेला होता. मी माझ्या जागेवर बसलो. म्हापशाला एक माणूस चढला आणि खिडकीकडच्या जागेकडे बोट करून त्याने काही विचारले. कायतानने मागे न बघता मान हलवली. तो माणूस मागे जाऊन उभा राहिला. ते मोठे घर आले तेव्हा मी मान वळवली नाही.

नाक्यावर तोच शिपाई होता. त्याने बोचके सोडायला लावले. नारळ, खण, तांदूळ, फणी. आणि पांढऱ्या फडक्याने तोंड बांधलेले एक मडके. त्याने मडक्याला बोट लावले आणि माझ्याकडे बघितले. मग टोपी काढून बाजूला ठेवली आणि बोचके स्वतःच्या हाताने बांधून दिले. गाठ त्याला नीट जमली नाही.

शिवा होडी घेऊन आला होता. मी एकटाच उतरताना बघून त्याने वल्हे स्वतःकडेच ठेवले. मी होडीत बसलो, उतारूच्या जागेवर. अलीकडच्या काठावर गणपत उभा होता. तो मला काही बोलला असता तर बरे झाले असते, पण तो नुसता रडायला लागला.

अस्थी आम्ही खाडीच्या तोंडाशी, समुद्र मिळतो तिथे सोडल्या. सुतकाचे दिवस मी ओसरीवर बसून काढले. माणसे येत, बोलत, जात. त्यांचे ओठ हलताना दिसत. शेजारणीने एकदा विचारले, त्या दिवशी गडग्याचा निघालेला चिरा अजून तसाच पडला आहे, तो नीट लावू का? मी हो म्हटले. तिने लावला. मग मी उठून तो काढला आणि मीच पुन्हा लावला. असे का केले, ठाऊक नाही.

सुतक फिटल्यावर गुणाजी शेट आला. सहल मोडतो म्हणाला. गावातल्या बायकांचे मन नाही, आणि दोन जागा रिकाम्या घेऊन जायचे म्हणजे कसेतरीच. मी त्याला सांगितले, मोडू नको. तिने त्या दोन जागांसाठी तुझ्याशी भांडण केले होते. ने सगळ्यांना.

सहल निघाली त्या सकाळी मीच त्यांना पलीकडे नेले. राधाबाई, म्हणजे ती शेजारीण, होडीत चढायच्या आधी माझ्या घरी आली होती. तिने विचारले, ओटी कुठे आहे? मी बोचके पुढे केले. गेलेल्या बाईची ओटी देवीला चालते की नाही याच्यावर बायकांत आधीच चर्चा झाली असणार. राधाबाईने ते फडके आपल्या पदरात बांधले. “ती जिती असताना बांधलेली ती,” एवढेच म्हणाली.

ती माणसे पलीकडे गेली आणि मी होडी घेऊन परत आलो. मग खेपा चालूच होत्या. मधल्या वेळेत मी खोपटे उघडले. चूल झाडली, सरपण आणले. पहिल्या दिवशीचा चहा मी ओतून दिला. दुसऱ्या दिवशीचा शिवा प्यायला आणि काही बोलला नाही, म्हणजे तोही वाईटच झाला असणार. आले किती घालायचे ते राधाबाईला माहीत होते, पण ती परदेशात होती.

सहल परत आली ती दुपारी. पलीकडच्या धक्क्यावर सगळी उभी होती. कायतानने लांबूनच हात वर केला. होडीत माझ्यासमोर एरवी कलकलाट करणाऱ्या बाया गप्प बसल्या होत्या. राधाबाईने देवीच्या प्रसादाची पुडी माझ्या हातात दिली, मी ती कपाळाला लावून मुंडाशात खोचली.  मजा करून आलो म्हणून सगळ्यांना जसे काही लाजल्यासारखे झाले होते.

काठाला लागल्यावर मी त्यांना जाऊ दिले नाही. खोपट्यात बसवले, चूल पेटवली आणि चहा केला. आले जास्त पडले होते. एकेकाच्या हातात कप देत मी राधाबाईपाशी आलो.

मी विचारले, “मगे, काय बघलात?”

तिने कप घेतला. तिचे डोळे भरले आणि मला वाटले, आता हिला बोलवणार नाही. पण ती बोलली. आधी हळू, मग नेहमीसारखी. मंगेशीची दीपमाळ केवढी. वास्कोला आगबोट केवढी. मडगावला गुणाजी शेट कसा चुकला आणि सगळे त्याला शोधत कसे फिरले. त्यावर गुणाजी शेट म्हणाला, मी चुकलो नव्हतो, तुम्ही चुकला होता. मग एकेकजण सांगायला लागले.

धक्क्यावर एक म्हातारा होता, तळवण्याकडचा. त्याला पलीकडे लेकीकडे जायचे होते, पहिल्यांदाच. होडीची वाट बघत तोही चहा घेऊन कोपऱ्यात बसला होता. राधाबाई सांगत होती की मोठमोठ्या घरांच्या खिडक्यांना शिंपले आहेत आणि त्यातून आत उजेड येतो. म्हातारा हसला.

“शिंपल्यातून उजेड?” तो म्हणाला. “काय पण गजाली हाणतास गो.”

राधाबाई बोलता बोलता थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मग सगळेच बघायला लागले.

मी म्हाताऱ्याचा रिकामा कप घेतला, विसळला आणि त्यात पुन्हा चहा ओतला.

“आसत,” मी म्हटले. “आमी दोघांय बघलाव.”